घोटा दुखावला तेव्हा



आज एका प्रशिक्षक बाईंविषयी बोलू या. एमा हेज, लंडनच्या. लहानपणापासून फुटबॉलचं वेड. आर्सेनल क्लबच्या अकादमीत त्या शिकत होत्या. १७ व्या वर्षी सहलीत बर्फावर स्कीइंग करताना घोटा जबर दुखावला आणि खेळाडू व्हायचं स्वप्न तिथंच संपलं.

पळणं थांबलं, पण खेळाची जाण कुठं जाते? आमच्या गटातल्या एका मावशींना आता पापड लाटवत नाहीत. पीठ जमलं की नाही, ते मात्र सगळ्या त्यांनाच विचारतात.

एमाताई शिकवायला लागल्या. २००१ मध्ये अमेरिकेत जाऊन लाँग आयलंडच्या महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या. २०१२ मध्ये चेल्सीचा महिला संघ हाती आला. तिथं तब्बल १२ वर्षं! २०१८ मध्ये त्या आई झाल्या, कामही चालूच राहिलं. २०२० ते २०२४ सलग पाच वेळा त्यांचा संघ इंग्लंडचा विजेता ठरला.

मग अमेरिकेनं आपला महिला संघ त्यांच्याकडे सोपवला. जेमतेम अडीच महिन्यांत, १० ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राझीलला १-० हरवून त्या मुलींनी ऑलिंपिकचं सुवर्णपदक गळ्यात घातलं.