राष्ट्रपती कोणी निवडावा?



शताब्दीच्या व्याख्यानमालेत साहित्याऐवजी राज्यघटनेचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु प्रमुखाची निवड सर्वांनी करावी की निवडून आलेल्या थोड्यांनी, हा वाद आपल्याला अपरिचित नाही. साहित्य संमेलनाचा अध्यक्ष मतदानाने ठरावा की सन्मानाने, यावर किती शाई खर्ची पडली! अखेर २०१८ मध्ये महामंडळाने निवडणुकीची प्रथाच बंद केली. याच ग्वाल्हेर नगरीत १९६१ साली कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने संमेलनाला पहिली स्त्री-अध्यक्ष लाभली. राष्ट्रपतिपदावर पहिली स्त्री येण्यास त्यानंतर सेहेचाळीस वर्षे लागली, आणि त्याही, योगायोग पाहा, महाराष्ट्राच्या प्रतिभाताई पाटीलच.

राष्ट्रपतीची निवड प्रौढ मताधिकाराने थेट जनतेने करावी, अशी मागणी घटना समितीत प्रा. के. टी. शहा यांनी नेटाने मांडली होती. नेहरू आणि डॉ. आंबेडकर या दोघांनीही तिला विरोध केला. मतदारसंख्या अफाट, यंत्रणा अपुरी, ही कारणे होतीच. परंतु खरा मुद्दा निराळा होता. आपण मंत्रिमंडळाच्या हाती सत्ता देणारी पद्धत स्वीकारली आहे. कोट्यवधी मते घेऊन आलेला राष्ट्रपती मंत्र्यांचा सल्ला निमूटपणे मानील काय? अधिकार द्यायचे नाहीत आणि कौल मात्र सबंध देशाचा घ्यायचा, ही विसंगती ठरली असती. गंमत अशी की, १९५२ मध्ये स्वतः शहा यांनीच डॉ. राजेंद्रप्रसादांविरुद्ध याच अप्रत्यक्ष पद्धतीने निवडणूक लढविली आणि अर्थातच ते हरले.

फ्रान्सने १९६२ मध्ये सार्वमताने थेट निवडणूक स्वीकारली, पण तेथील अध्यक्ष राज्य करतो. आयर्लंडचे उदाहरण मात्र आपल्या युक्तिवादाला अडचणीचे आहे. तेथील अध्यक्षाला आपल्या राष्ट्रपतीसारखेच मर्यादित अधिकार असून त्याची निवड थेट जनतेकडून होते, आणि तरीही राज्यव्यवहार सुरळीत चालतो. ते छोटे राष्ट्र आहे, एवढ्यावर हा आक्षेप बाजूला सारता येईल असे मला वाटत नाही. घरचे उदाहरण घ्यायचे तर २०२२ मध्ये आपण ग्वाल्हेरकरांनी थेट मतदानाने महापौर एका पक्षाचा निवडला आणि नगर निगमात बहुमत दुसऱ्या पक्षाला दिले. असे दोन कौल एकमेकांसमोर उभे राहिले म्हणजे नागरिकांच्या कामांचे काय होते, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही.

आपल्या प्रचलित पद्धतीची कसोटी एकदाच खऱ्या अर्थाने लागली, ती १९६९ मध्ये. झाकिर हुसेन यांचे निधन झाले होते. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. परंतु इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याचे आवाहन करून आपला कल व्ही. व्ही. गिरी यांच्याकडे दर्शविला. तिसरे उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे आणि मेघदूताचे मराठी रूपांतर करणारे देशमुख. त्यांना स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांचा पाठिंबा होता. जनसंघाचे तेव्हाचे अध्यक्ष अटलबिहारी वाजपेयी हे याच नगरीचे सुपुत्र.

पहिल्या पसंतीची मते मोजली तेव्हा गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. निम्म्याहून अधिक मते कोणालाच नव्हती. मग दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली, आणि देशमुखांकडील बहुतेक मते रेड्डींकडे वळली. शेवटचा आकडा गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा लागला. अवघ्या साडेचौदा हजारांचा फरक. आणि त्यातही मोठ्या राज्यांतील एकेका आमदाराच्या मताचे मूल्य शंभराहून अधिक असते, हे ध्यानात घ्या. देशमुख हरले, हे मराठी मनाला आजही लागते. परंतु हरलेल्या उमेदवाराच्या मतदारांचा आवाजही शेवटपर्यंत मोजला गेला, ही या पद्धतीची थोरवी त्याच निवडणुकीने दाखवून दिली. पसंतिक्रम न विचारता साधे लोकमत घेण्याचा आग्रह धरणारे हे विसरतात. अमेरिकेत २००० आणि २०१६ साली जनतेची अधिक मते मिळविणारा उमेदवार पराभूत झाला. तेथे थेट निवडणुकीची मागणी होते ती समजण्याजोगी आहे. आपला आजार तो नव्हे.

आपला आजार मतमूल्याच्या गणितात आहे. राज्याच्या लोकसंख्येला निर्वाचित आमदारांच्या संख्येने आणि पुन्हा हजाराने भागले की एका आमदाराच्या मताचे मूल्य निघते. ही लोकसंख्या अजूनही १९७१ सालची धरली जाते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ती गोठवली आणि २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने तिला २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत मुदत वाढवून दिली. म्हणून २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू निवडून आल्या तेव्हा आपल्या मध्य प्रदेशातील आमदाराचे मत १३१ चे, महाराष्ट्रातले १७५ चे आणि केरळातले १५२ चे होते. हेच २०११ च्या शिरगणतीने मोजले, तर मध्य प्रदेश ३१६, महाराष्ट्र ३९० आणि केरळ २३९ असे आकडे येतात. केरळ आपल्या पुढे होते, ते मागे पडते.

हे गोठवणे अकारण नव्हते. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले, त्यांचे राजकीय वजन घटू नये, हा हेतू न्याय्यच होता. केरळच्या किंवा तामिळनाडूच्या नागरिकाने आज हे गणित पाहून धास्तावणे स्वाभाविक आहे. तरीही मला वाटते की, लोकसभेच्या जागांचा प्रश्न आणि राष्ट्रपतीच्या मतमूल्याचा प्रश्न वेगळा करता येईल. जागांच्या वाटणीतून सरकार बनते, कर ठरतात, निधी वाटला जातो. तेथे दक्षिणेची भीती खरी आहे. राष्ट्रपती मात्र आज हयात असलेल्या माणसांचा प्रतिनिधी आहे. जी माणसे १९७१ नंतर जन्मली, ती या गणितात अद्याप नाहीतच. केवळ या एका कामासाठी ताजे आकडे धरण्यासही घटनादुरुस्ती लागेल आणि या प्रकरणाला निम्म्याहून कमी नसलेल्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागेल. म्हणजे ज्यांचे वजन घटणार, त्यांतल्याही काहींचे मन वळवणे आले. विद्यमान राष्ट्रपतींची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. नव्या जनगणनेचे आकडे तोवर प्रसिद्ध झाले नाहीत, तर पुढची निवडणूकही ५६ वर्षांपूर्वीच्या शिरगणतीवरच होईल.