ते सहा तास



वैनगंगेकाठच्या या आरमोरीत आज तुमच्या हाती पदवी येते आहे. धानाच्या बांधीत राबलेल्या हातांनी ती तुम्हाला मिळवून दिली, हे विसरू नका. अशा आनंदाच्या दिवशी मी मरणाविषयी बोलणार आहे, कारण माझी उमेदीची वर्षं त्याच कामात गेली.

नागपुरात मी अवयव प्रत्यारोपण समन्वयक होते. अपघातात डोक्याला मार लागलेला तरुण अतिदक्षता विभागात असतो. मेंदू कायमचा थांबलेला, पण व्हेंटिलेटरमुळे छाती वरखाली होते, अंग ऊन लागतं. एका बापाने लेकाच्या छातीवर हात ठेवून मला विचारलं, "श्वास त चालू हाय न बाई, मंग गेला कसा म्हणता?"

या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये, हे कायद्यालाही कळतं. १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टर किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतात, तेव्हाच मेंदूमृत्यू ठरतो. प्रत्यारोपण करणारे त्या चौघांत नसतात. ते सहा तास मी त्या बापाजवळ बसून होते. दान हा शब्द मी दुसरी तपासणी झाल्यावरच उच्चारला. त्यांनी होकार दिला. एका दात्याच्या अवयवांनी आठ जणांपर्यंतचे जीव वाचू शकतात. पण ज्यांनी नकार दिला, त्यांच्याजवळूनही मी कधी लगेच उठले नाही. सोबत ही होकाराची किंमत म्हणून द्यायची नसते.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात कुठलं व्हेंटिलेटर? पण डोळे घरूनही देता येतात. त्यालाही मुदत साधारण सहा तासांचीच. नेत्रपेढीला फोन करा. मयताच्या पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, वय झालं होतं, म्हणून अडत नाही. चेहरा विद्रूप होत नाही.

आणि नंतर? मयताच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा शेजारी वरण-भात घेऊन येतात. ही आपली जुनी रीत मोलाची आहे. पण तेरवी आटोपली, पाहुणे परतले, की घर खायला उठतं. तेव्हा तुम्ही जा. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, ती झाली का पाहा. बँकेचा अर्ज, सातबाऱ्यावरचा फेरफार, एवढं लिहून द्या. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला. रडणाऱ्याला "रडू नको" म्हणू नका. तुमच्या शिक्षणाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

अवयवदानाचं प्रतिज्ञापत्र जरूर भरा. पण तुम्ही ते भरलं असलं, तरी त्या वेळी विचारलं जातं घरच्यांनाच. तुमच्या मनातलं त्यांना ठाऊक नसेल, तर एवढा मोठा निर्णय दुःखात बुडालेल्या माणसांवर पडतो. म्हणून आज रात्री जेवायला बसाल, तेव्हा पदवी बाजूला ठेवा आणि आईबाबांना सांगा, माझी इच्छा ही आहे. मग त्यांनाही विचारा, तुमची काय आहे?