खिशांतलें पिस्तूल आणि त्याची पेटी

जुन्या शस्त्रांचा जाणता संग्राहक खिशांत मावणारें एखादें रिव्हॉल्व्हर हातीं घेतो, तेव्हां त्याचा पहिला प्रश्न बहुधा पेटीविषयीं असतो. एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज कारागीर अशीं हत्यारें ओक किंवा महोगनीच्या पेटींत देत. आंत बनातीचें अस्तर, गोळ्या ओतण्याचा साचा, दारूची कुपी, तेलाची बाटली, आणि झांकणाच्या आंतून दुकानदाराचें छापील लेबल. हत्यार हातोहात फिरतें. पेटी सुयादोऱ्यांसाठीं घरांतच अडकते. जोडी दुर्मिळ, म्हणून किंमत मोठी; आणि किंमत आली कीं लबाडी आलीच. रिकाम्या पेटींत भलतेंच हत्यार बसवून विकणारे महाभाग आहेत. पण वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या लोखंडाचा ठसा बनातीवर उमटलेला असतो, आणि नव्या पाहुण्याशीं तो जुळत नाहीं.

नाशिककरांना मात्र निराळीच पेटी आठवते. १९०९ सालीं विनायक दामोदर सावरकर यांनीं लंडनहून, इंडिया हाऊसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्याबरोबर, वीस ब्राउनिंग पिस्तुलें हिंदुस्थानांत धाडलीं, तीं दुहेरी तळाच्या पेटींतून. श्रोत्यांनीं येथें एक भेद ध्यानीं घ्यावा. ब्राउनिंगला पुष्कळ जण रिव्हॉल्व्हर म्हणतात, तें बरोबर नव्हे. रिव्हॉल्व्हरचीं काडतुसें फिरत्या चक्रांत असतात आणि तें चक्र दोहों बाजूंस फुगतें. अमेरिकन शोधक जॉन ब्राउनिंग यांचीं, बेल्जममधील हेर्स्टाल येथें बनलेलीं पिस्तुलें काडतुसें मुठीच्या पोटांत एकावर एक रचून घेतात. बार उडतांच वरचा भाग मागें सरकून रिकामें टरफल बाहेर टाकतो व नवें काडतूस पुढें घेतो. त्यामुळें हत्यार चपटें राहतें. खिशासाठीं योजलेला हा चपटेपणा चोरतळालाही सोयीचा होता.

त्याच वर्षीं बाबाराव सावरकरांस कविता छापल्याबद्दल जन्मठेप झाली. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत, देवलांच्या ‘संगीत शारदा’च्या प्रयोगास आलेल्या कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनीं ब्राउनिंग झाडलें. कान्हेरे अजून विद्यार्थीदशेंत होते. ते, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं गेले. जॅक्सन हेही एका अर्थीं संग्राहकच. संस्कृतज्ञ म्हणून त्यांची ख्याति होती, आणि त्यांनीं जमविलेल्या लोकाचारांच्या टिपणांतून एन्थोवन यांनीं पुढें ग्रंथ सिद्ध केले. त्या पेटीची हकीकत न्यायालयापुढें आली, ती अमीन माफीचा साक्षीदार झाल्यामुळें. ज्याच्या हातून ती आली, त्याच्याच तोंडून ती उघडी पडली.

आज असलें हत्यार घरीं ठेवूं पाहणारानें १९५९ चा शस्त्र कायदा आधीं वाचावा. जें कालबाह्य हत्यार दुरुस्त करूनही झडूं शकत नाहीं, त्यास त्यांत सूट आहे. ब्राउनिंगचें तसें नाहीं. शंभर वर्षांचें असलें तरी नीट राखलेलें पिस्तूल झडतें, आणि म्हणून परवाना चुकत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें सामान्य परवानाधारकास दोनांहून अधिक हत्यारें बाळगतां येत नाहींत. रिकाम्या पेटीस मात्र परवाना लागत नाहीं, मग तिचा तळ एकेरी असो वा दुहेरी.