तारलीचा थवा

पावसाळा सरून समुद्र निवळला, म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावर गाबितांची नजर पाण्याच्या रंगावर खिळून राहते. निळ्या पाण्यांत एखादा काळसर पट्टा सरकतांना दिसला, वर पांखरांनीं गर्दी केली, कीं समजावें, तारलीचा थवा आला! मग रापण सुटते. होडी जाळें टाकीत अर्धवर्तुळ फिरते, आणि दोन्ही टोकें धरून सारी वाडी तें किनाऱ्याकडे ओढूं लागते.

तारली फार तर वीतभर लांबीची. पाठ हिरवट निळी, पोट रुपेरी. वरून पाहणाऱ्या पक्ष्याला ती पाण्यासारखी भासते, तर खालून येणाऱ्या सुरमईला उजेडासारखी. सुरमई-पापलेटाच्या पंक्तीला तिला कोणी बसवीत नाहीं, ही गोष्ट निराळी. तिच्या कल्ल्यांना आंतून बारीक दातेरी चाळण असते. तोंड उघडून पोहतां पोहतां पाणी त्या चाळणींतून निघून जातें आणि सूक्ष्म वनस्पति व जीव मागें अडकतात. पावसाळ्यांत पश्चिम किनाऱ्याजवळ खोल समुद्रांतील थंड व सकस पाणी वर येतें. त्यावर डायाटम नांवाच्या सूक्ष्म वनस्पतींचें पीक फोफावतें, आणि तारलीचें सारें आयुष्य या पिकाशीं बांधलेलें आहे. जून ते सप्टेंबर ती अंडीं घालते. तीं पाण्यावर तरंगतात व सुमारें एका दिवसांत फुटतात. पिलूं वर्षभरांत वयांत येतें. एकंदर आयुष्य दोन-अडीच वर्षांचें.

थव्याला पुढारी नसतो. प्रत्येक मासा शेजाऱ्यावर डोळा ठेवतो आणि पाण्याचा हेलावा ओळखतो. म्हणून हजारों मासे एकदम वळतात आणि शत्रूला एक भक्ष्य नेमकें टिपतां येत नाहीं. जाळ्यापुढें मात्र हीच एकी घातक ठरते.

अशा अल्पायुषी माशाचे एकदोन पावसाळे बिघडले, तरी थवे नाहींसे होतात. केरळांत २०१२ सालीं सुमारें ४ लाख टन तारली मिळाली. २०२१ मध्यें ३,५०० टनहि नाहीं! दोष जाळ्यांचा कीं समुद्राचा, हा वाद जुनाच आहे. मद्रास सरकारनें १९४३ मध्येंच पिलें व गाभोळीच्या तारल्या धरण्यावर निर्बंध घातले होते. २०२३ मध्यें केरळची पकड पुन्हां लाखावर गेली. पण २०२४ च्या पावसाळ्यानंतर पिलांची इतकी दाटी झाली, कीं खाद्य पुरेना, आणि जाळीं भरून येऊं लागलीं तरी आंतील मासा बोटभरच राहिला.