बाजाराची पावती



पेरणी तोंडावर आली, की बैलांच्या बाजारात गर्दी होते. शेतकऱ्याची वर्षाची पुंजी तेथे एका दिवसात हात बदलते. म्हणून आज बाजाराच्या नियमांविषयी चार शब्द सांगतो.

पूर्वी भाव उपरण्याखाली ठरे. दलाल आधी एकाची बोटे दाबी, मग दुसऱ्याची. घेणाऱ्याने किती दिले आणि विकणाऱ्याला किती मिळाले, ते दोघांनाही कळत नसे. मधले पैसे दलालाच्या कनवटीला!

असली लबाडी थांबावी म्हणून कायदे झाले. महाराष्ट्रात शेतमालाच्या बाजाराचा १९६३ चा कायदा आला. जनावरेही त्यात आली. बाजार समितीच्या बाजारात व्यापाऱ्याला आणि दलालाला परवाना लागतो. बाजार फी घेणाऱ्याने द्यायची असते.

ही फी चुकवायला काही जण वाटेतच सौदा करतात. माझ्या चुलत्यांनी तसाच एक बैल घेतला. चार पैसे वाचले म्हणून खूश झाले. महिन्याने बैलाचा खरा धनी दारात उभा! बैल चोरीचा होता. "पावती दाखवा," पोलीस म्हणाले. पावती कुठून आणणार? पावती असती, तर विकणाऱ्याचे नावगाव तरी सापडले असते. बैल गेला, पैसे गेले. कर्ज मात्र राहिले.

दुसरी भीती रोगाची. २०२२ साली लम्पी रोग पसरला, तेव्हा राज्यातले गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. एक आजारी जनावर बाजारात आले, की रोग गावोगाव जातो. म्हणून जनावराच्या कानात बिल्ला मारतात. त्यावर १२ आकडे असतात. त्या आकड्यांवरून मालकाची आणि टोचलेल्या लशींची नोंद सापडते. १ जून २०२४ पासून बिल्ल्यावाचून जनावराची खरेदी-विक्री करू नये, असे सरकारने ठरवले.

आता आपल्याला अक्षरे येतात, आकडे येतात. त्यांचा उपयोग इथेच करायचा. दात बघा, चाल बघा. तसाच कानातला बिल्लाही बघा. त्याचे १२ आकडे पावतीवर लिहून घ्या आणि एकेक जुळवा. विकणाऱ्याचे नाव, गाव आणि किंमत वाचा. मगच सही करा.

दलाल म्हणेल, "काका, एवढं काय वाचताय? मी आहे ना!"

त्याला हसून सांगा, "तू आहेसच, बाबा. पण पावतीही असू दे."