राखून ठेवलेला दिवस



रविवार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, तो ख्रिस्ती लोकांना आयताच मिळाला असावा असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. रोमन साम्राज्यात पहिली तीन शतके रविवार हा इतर वारांसारखाच कामाचा दिवस होता आणि ख्रिस्ताच्या अनुयायांत दासदासी पुष्कळ. मालकाचे काम टाकून त्यांनी प्रार्थनेला जावे कसे? इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. हे लोक एका ठरल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, असे त्यात त्याने कळविले आहे. ही माहिती पडताळण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला, हेही तो निर्विकारपणे सांगतो. म्हणजे पवित्र वेळ ही त्या लोकांनी आपल्या झोपेतून काढलेली होती.

या कल्पनेचे मूळ यहुदी धर्मातील शब्बाथात आहे. दहा आज्ञा बायबलात दोन ठिकाणी आल्या आहेत. पहिल्या ठिकाणी विसाव्याचे कारण दिले आहे ते असे की, देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला. दुसऱ्या ठिकाणचे कारण मला अधिक मोलाचे वाटते: तुम्ही मिसर देशात गुलाम होता, याची आठवण ठेवा. म्हणून त्या दिवशी तुमच्या दासाने, दासीने, बैलाने, गाढवाने, दाराशी आलेल्या परक्यानेही काम करावयाचे नाही. आपल्याकडे बैलाला पोळ्याचा एक दिवस. येथे वर्षाला बावन्न!

पुढे ख्रिस्ती लोक पुनरुत्थानाचा म्हणून आठवड्याचा पहिला दिवस पाळू लागले. ३२१ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने त्या दिवशी न्यायाधीशांनी व नगरवासीयांनी काम बंद ठेवावे असा कायदा केला. शेतकऱ्याला मात्र त्याने सूट दिली. सुटी नव्हे, काम करण्याची सूट! कायद्याबरोबर कर्मठपणाही आला, आणि तो नवा नव्हता. शब्बाथाच्या दिवशी शिष्यांनी कणसे मोडली म्हणून खुद्द येशूला जाब विचारला गेला होता. दिवस माणसासाठी आहे, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले.

हा दिवस सर्वांचा एकच असावा हे कशासाठी, याचा उलगडा रशियात झाला. १९२९ साली सोव्हिएत सरकारने पाच दिवसांचा आठवडा काढला. कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला एक रंग दिला आणि ज्याची त्याची सुटी निराळ्या दिवशी ठेवली. यंत्रे अखंड चालावीत हा हेतू, आणि देवळे ओस पडली तर हवेच होते. मौज अशी की, हिशेबाने विश्रांती वाढली होती; सातव्याऐवजी पाचव्या दिवशी सुटी! पण नवऱ्याचा रंग एक, बायकोचा दुसरा. घरातली माणसे एकत्र जेवावयाची केव्हा? १९३१ मध्ये सहा दिवसांचा आठवडा आला आणि १९४० मध्ये सरकार निमूटपणे सात दिवसांवर परतले.

आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी हे आधीच ओळखले होते. ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या कचेऱ्या रविवारी बंद असत, गिरण्यांतील मजुराला मात्र त्या दिवशीही यंत्रे पुसावी लागत. लोखंडे सत्यशोधक. रविवार हा खंडोबाचा वार आहे, असे त्यांनी बजावले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. चर्चचा वार आणि जेजुरीचा वार एकच निघाला, हे मजुरांचे भाग्यच म्हणावयाचे.

आता २०१७ च्या कायद्याने महाराष्ट्रात दुकाने वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवण्यास मुभा आहे. नोकराला आठवड्यातून एक सुटी मिळालीच पाहिजे, असे त्यात आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र ती सर्वांना एकाच वारी मिळेल असे नाही. रविवारी संध्याकाळी आपण सहकुटुंब खरेदीला निघतो. गल्ल्यावरच्या माणसाची सुटी मंगळवारी असते, त्याच्या मुलाची शाळा रविवारी बंद असते. बापलेकांची गाठ कोणत्या वारी पडावयाची, हे त्या दुकानात कोणाला तरी विचारून पाहावे.