जन्माचे वजन आणि बाळसे



चिटणीसबाईंनी हा विषय माझ्या गळ्यात घातला. मी सातवी शिकलेली, डॉक्टरीण नव्हे. पण घरातल्या जावा-नणंदांची बाळंतपणे केली आहेत, आणि या विषयाचे थोडे वाचून, चार ठिकाणी विचारून आले आहे.

आपल्याकडे बाळ जन्मले की पहिला प्रश्न, "वजन किती?" अडीच किलोच्या आत असले की सगळ्यांचे तोंड उतरते. मग जी ती म्हणते, घाला खायला, आणा बाळसे! इथेच थोडे थांबावे असे मला वाटते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भारणींची व त्यांच्या मुलांची पाहणी केली. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची भरली, इंग्लंडातल्या साउदम्प्टन गावची ३.५ किलोची. आपली बाळे सडपातळ, हे तर दिसतेच. पण कातडीखालची चरबी चिमट्याने मोजली, तेव्हा ती त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते मांस. म्हणजे दिसायला काटकुळे, आत चरबीचा वाटा मोठा! मला तर हे ऐकून नवलच वाटले.

पुण्यातच आठ वर्षांची मुले तपासली, त्याचा अहवाल १९९९ साली निघाला. जन्मतः हलकी आणि आठव्या वर्षी वजनदार, अशा मुलांत पुढे मधुमेहाकडे नेणारी लक्षणे सर्वांत जास्त आढळली. तेव्हा बिस्किटे नि साखरेचे दूध कोंबून आणलेला गुबगुबीतपणा म्हणजे बाळसे नव्हे. मात्र हलक्या बाळाला उपाशी ठेवा, असा अर्थ कोणी काढू नये हो! सहा महिने अंगावरचे दूध, मग घरचे वरण-भात, अंडे, भाजी. आणि दर महिन्याला अंगणवाडीच्या काट्यावर वजन.

खरे काम त्याच्या आधीचे आहे. त्याच खेड्यांत ज्या गर्भारणींच्या पोटात पालेभाजी, फळे, दूध वारंवार गेले, त्यांची बाळे अंगाने बरी निघाली. ज्यांना शेतातले आणि घरातले कष्ट फार, त्यांची लहान. आणि आपल्या वडीलधाऱ्या अजून सांगतात, "सातव्यापासून भूक मारून जेव, पोर लहान राहील, सुटका लवकर होईल!" डोहाळजेवणाला पाच पक्वान्ने एक दिवस, आणि एरवी सून सगळ्यांच्या मागून उरलेसुरले जेवणार. मेथीची जुडी काही महाग नसते, पण ती तिच्या ताटात पडेपर्यंत भांडे खरवडलेले असते.

माझ्या थोरलीला पाचवा महिना चालू आहे. विहीणबाई समोरच बसल्या आहेत, म्हणून भीत भीत सांगते : तिच्या डोक्यावरची कळशी त्यांनी गेल्याच आठवड्यात काढून घेतली. दुधाचे आम्ही दोघी घरी बोलू.